‘देक्तोस’चा अभ्यास : नव्या कराराची ग्रीक शिकू लागलेल्यांसाठी

बायबलच्या नव्या कराराची ग्रीक शिकू लागलेला विद्यार्थी वर्णमाला आणि नामांची रूपे पाठ होताच कोश उघडतो व शब्दापुढचा अर्थ वहीत उतरवून घेतो. माझा अनुभव असा, की शब्द कळायचा असेल तर तो जिथे जिथे आला आहे ती सगळी वचने मूळ भाषेत वाचल्यावाचून गत्यंतर नाही, आणि म्हणून सुरुवातीला मोजक्याच ठिकाणी येणारा शब्द घ्यावा. ‘देक्तोस’ हे विशेषण नव्या करारात अवघे ५ वेळा येते. ‘देखोमाइ’, म्हणजे स्वीकारणे, या क्रियापदापासून ते बनले असल्यामुळे ‘स्वीकारलेला’ किंवा ‘स्वीकारण्याजोगा’ हा अर्थ व्याकरणावरून निघतो. पण कोणी स्वीकारायचे आणि काय पाहून, हे व्याकरण सांगत नाही.

लूकच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या, चौथ्या अध्यायापासून प्रारंभ करावा. आपल्या नासरेथ गावच्या सभास्थानात येशू जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याचा ग्रंथपट वाचतो आणि ‘प्रभूचे देक्तोस वर्ष’ या शब्दांपाशी थांबतो. यशयाच्या ६१व्या अध्यायात लगेच पुढे येणारा सूडाचा दिवस तो वाचत नाही. १९व्या वचनात वर्षाला लागलेले हे विशेषण २४व्या वचनात माणसाला लागते: कोणताही संदेष्टा आपल्या गावात ‘देक्तोस’ नसतो. मत्तय आणि मार्क यांच्या शुभवर्तमानांत याच जागी ‘आतिमोस’, म्हणजे मान नसलेला, हा वेगळा शब्द असल्याने लूकची निवड मला तरी सहज झालेली वाटत नाही. देव माणसांना जवळ करतो त्या वर्षाची वार्ता आणणाऱ्यालाच गावकरी गावाबाहेर काढून कड्यापर्यंत नेतात.

यापुढे जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतराकडे, म्हणजे सेप्टुआजिंटकडे, वळावे. ही पायरी नवखे लोक हमखास गाळतात आणि खरा अर्थ तिथेच हाती लागतो. लेवीयच्या पहिल्या अध्यायात होमासाठी आणलेला निर्दोष नर दर्शनमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, दाराशी प्रभूसमोर ‘देक्तोस’ म्हणून सादर करायचा आहे. तिथे मूळ हिब्रू शब्द ‘रात्सोन’ आहे. आपल्या ‘मर्जी’ आणि ‘राजी’ या अरबीतून आलेल्या शब्दांचे मूळ याच सेमिटिक कुळातले असल्याने मराठी माणसाला तो परका वाटू नये. (आता या वयात हिब्रू कुठून शिकायची, असे म्हणणाऱ्यांनी पंडिता रमाबाईंकडे पाहावे: उत्तर आयुष्यात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी केडगावी बायबल मराठीत आणले आणि ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, प्रसिद्ध झाले.) नीतिसूत्रांच्या ११व्या अध्यायात मात्र वेदी नाही, बाजार आहे. खोटा तराजू प्रभूला किळसवाणा वाटतो आणि खरे वजन त्याला ‘देक्तोस’ असते.

हे वाचून झाल्यावर प्रेषितांच्या कृत्यांतले १०:३५, म्हणजे दहाव्या अध्यायातले ३५वे वचन, उघडले, की येशूचा शिष्य पेत्र याच्या वाक्याचे वजन ध्यानात येते. कैसरीयात कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरात उभा राहून तो म्हणतो, की कोणत्याही राष्ट्रातला जो मनुष्य देवाचे भय बाळगतो आणि नीतीने वागतो तो देवाला ‘देक्तोस’ आहे. यज्ञपशूला आणि खऱ्या वजनाला लागणारे विशेषण इथे सुंता न झालेल्या परदेशी माणसाला लागले आहे.

फिलिप्पैकरांस पत्राच्या ४:१८ मध्ये प्रेषित पौल त्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती पाठवलेल्या भेटीला ‘देक्तोस’ यज्ञ म्हणतो आणि लगेच ‘एउआरेस्तोस’, म्हणजे देवाला संतोष देणारा, हे दुसरे विशेषण जोडतो. हे दोन शब्द एकच मानू नयेत. करिंथकरांस दुसऱ्या पत्रातले ६:२ मी शेवटी वाचायला सांगतो, कारण तिथे यशयाच्या ४९व्या अध्यायातला ‘देक्तोस’ समय उद्धृत करून पौल स्वतःच्या वाक्यात ‘एउप्रोस्देक्तोस’ हा अधिक ठसठशीत शब्द वापरतो. तोही नव्या करारात ५ वेळाच येतो, तेव्हा पुढचा अभ्यास त्याचाच करावा आणि रोमकरांस पत्राच्या १५व्या अध्यायातली दोन वचने आधी घ्यावीत.