मूल मोठं झाल्यावर ऑटिझमची तपासणी करताय? या चुका टाळा

गोव्यातल्या डिचोलीहून निघालेल्या कदंब बसमध्ये अख्खा रस्ता मी मुलाला पढवत होते. "आत गेल्यावर आधी नमस्कार कर. डॉक्टरकाकांच्या डोळ्यांत बघून बोल. हात हलवू नकोस." तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि सांगितलेलं शब्दशः पाळणारा. आत जाऊन त्याने सगळं तंतोतंत केलं. पंधरा मिनिटांत उत्तर मिळालं: नजर देतो, छान बोलतो, ऑटिझम नाही, जरा अतिचंचल आहे. त्या एका कागदावर आम्ही पाच वर्षं काढली. खरं निदान झालं तेव्हा तो बारा वर्षांचा होता.

म्हणून पहिली विनंती हीच, मुलाला पढवून नेऊ नका. तो घरी जसा असतो तसाच डॉक्टरांना दिसू द्या. मोठी मुलं, आणि मुली तर फारच, इतरांचं बघून बघून वागणं उचलतात. कुठे हसायचं, कधी मान डोलवायची, हे त्यांना पाठ झालेलं असतं. शाळेत दिवसभर हे सांभाळून घरी आल्यावर दप्तर फेकून तासभर रडणारी मुलगी शाळेच्या लेखी मात्र "शांत आणि गुणी" असते. तपासणाऱ्याला ती शाळेतलीच मुलगी दिसली, तर घरचा तो तास तुम्हालाच सांगावा लागणार.

"हुशार आहे, त्याला काय झालंय?"

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, नातेवाइकांकडे गेलो की माझा मुलगा थेट गणपतीवर फळं बांधून सजवलेल्या माटोळीखाली जाऊन उभा राहायचा. कुठलं फळ कुठे बांधलंय, गेल्या वर्षीपेक्षा काय कमी आहे, कुठल्या रानफळाला काय म्हणतात, एका दमात सांगायचा. सगळे कौतुक करायचे. आरतीचं घुमट हे वाद्य वाजू लागलं की तोच मुलगा कानांत बोटं घालून मागच्या अंगणात पळायचा, आणि चुलत भावंडांनी खेळायला बोलावलं तर उत्तरच द्यायचा नाही. कौतुकाच्या भरात या दुसऱ्या गोष्टी आम्ही कधी मोजल्याच नाहीत. चांगले गुण आणि ऑटिझम एकाच मुलात असू शकतात. गुणपत्रिका दाखवून शंका मोडीत काढू नका.

"त्याचा बाबाही लहानपणी असाच होता" हे वाक्य बहुतेक घरांत ऐकू येतं, आणि तिथेच विषय संपतो. खरं तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगण्यासारखं आहे, कारण ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो.

पाचवीचा उंबरठा

आपल्याकडे बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीत इंग्रजी माध्यमात जातात. एक बाई जाऊन विषयागणिक शिक्षक येतात, शाळा मोठी होते, मित्र बदलतात. त्याच वर्षी मूल कोलमडलं तर सगळे म्हणतात, "इंग्रजी जड जातंय, ट्यूशन लावा." आम्हीही लावली. इंग्रजी सुधारलं, पण डबा खायच्या सुट्टीत तो जिन्याखाली बसायचा, ते काही थांबलं नाही.

२०१३ साली आलेल्या 'डीएसएम-५' या निदानाच्या नियमावलीत हे स्पष्ट लिहिलं आहे. लक्षणं लहानपणापासून असावी लागतात, पण आजूबाजूच्या अपेक्षा मुलाच्या आवाक्याबाहेर जाईपर्यंत ती पूर्णपणे दिसतीलच असं नाही. त्यामुळे "इतकी वर्षं काही नव्हतं, आता कुठून आलं?" या प्रश्नात अडकू नका. त्याच नियमावलीने ऑटिझम आणि एडीएचडी (अतिचंचलता आणि लक्ष न टिकणं) ही दोन्ही निदानं एकाच मुलाला देण्याची वाट मोकळी केली. त्याआधी तशी परवानगी नव्हती. "एडीएचडी आहे म्हणजे ऑटिझम नाही" असं आजही कुणी सांगितलं, तर दुसरं मत जरूर घ्या.

रिकाम्या हाताने जाऊ नका

मोठ्या मुलाच्या तपासणीत निम्मं काम आईवडिलांच्या आठवणींवर चालतं, आणि ऐन वेळी आठवत काहीच नाही. मी आधी नुसतं "तो एकलकोंडा आहे, हट्टी आहे" असं सांगायचे. त्यातून कुणाला काय कळणार? दुसऱ्या वेळी दोन आठवडे वहीत रोज लिहिलं. "मंगळवार. गणिताचा तास रद्द होऊन पीटी झाली. बाकावरून उठला नाही, वेळापत्रकावर बोट ठेवून बसला." "गुरुवार. मित्र म्हणाला, डोकं खाऊ नको. घरी येऊन विचारलं, मी त्याचं डोकं कधी खाल्लं?" मानसशास्त्रज्ञांनी ती वही शेवटपर्यंत वाचली आणि त्यांचे पुढचे सगळे प्रश्न तिच्यातूनच आले.

सोबत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे व्हिडिओ, बालवाडीतले शेरे, आधीचे केसपेपर आणि वर्गशिक्षिकेचं पत्र न्या. "उशिरा बोलला, पण बोलला ना" असं म्हणून ती नोंद गाळू नका. कानांची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या.

भाषेचंही आधीच सांगून ठेवा. घरी मराठी, दारात कोकणी आणि शाळेत इंग्रजी असलेल्या मुलाची बुद्धिमत्ता चाचणी फक्त इंग्रजीतून झाली, तर गुण कमी येण्याचं कारण भाषाही असू शकतं.

मोबाईलवरची प्रश्नावली

एम-चॅट ही ऑटिझमची शंका आहे का ते पाहणारी प्रश्नावली १६ ते ३० महिन्यांच्या बाळांसाठी आहे. अकरा वर्षांच्या मुलासाठी ती भरून निर्धास्त होऊ नका आणि घाबरूही नका. रक्ताच्या चाचणीने किंवा एमआरआयने ऑटिझम ठरत नाही, त्यासाठी पैसे मोजू नका. चांगली तपासणी एका बैठकीत क्वचितच संपते. बांबोळीची मानसोपचार संस्था, जीएमसी (गोवा मेडिकल कॉलेज), संगथ आणि सेतू या संस्था अशी दारं गोव्यात आहेत. नंबर लागायला वेळ लागला तरी वही लिहिणं सुरू ठेवा.

मुलापासून लपवू नका

बारा वर्षांच्या मुलाला "फिरायला जाऊया" सांगून दवाखान्यात नेलंत, तर तो तुमच्यावर पुन्हा विश्वास ठेवताना दहादा विचार करेल. मी एवढंच सांगितलं होतं, "शाळेत तुला खूप थकायला होतं ना, ते का होतं हे समजून घ्यायला चाललोय. तुझ्यात काही बिघडलेलं नाही." त्याने दोनच प्रश्न विचारले: किती वेळ लागेल, आणि तिथे पंख्याचा आवाज येतो का. फोन करून दोन्ही विचारून घेतलं. आत गेल्यावर त्याच्याऐवजी मी उत्तरं द्यायची नाहीत, हे मात्र मला फार जड गेलं.

निदान आणि प्रमाणपत्र एकच समजू नका

ही चूक कागदोपत्री महागात पडते. अपंगत्व प्रमाणपत्रासाठी आपल्या देशात आयएसएए ही ऑटिझमची भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, आणि एकूण गुण ७० च्या खाली असतील तर ऑटिझम धरत नाहीत. नीट बोलणारं, अभ्यासात बरं असलेलं मूल तिथे खाली राहू शकतं. प्रमाणपत्र मिळालं नाही म्हणून तज्ज्ञांनी केलेलं निदान खोटं ठरत नाही, आणि त्याच्या आधारे शाळेशी बोलता येतं.

प्रमाणपत्र मिळत असेल तर दहावीपर्यंत थांबू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १७ परीक्षेत जास्तीचा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सोयींबद्दल बोलतं. बोर्डाचे अर्ज, शाळेचं पत्र, वैद्यकीय मंडळापुढची तपासणी यांत महिने जातात. आठवीतच मुख्याध्यापकांना भेटा.

रिपोर्ट हातात घेताना एक गोष्ट मागून घ्या: शाळेने नेमकं काय करायचं याचं वेगळं पान. आमच्या पानावर चारच ओळी होत्या. भिंतीजवळचा बाक, वेळापत्रक बदललं तर आदल्या दिवशी कल्पना, तोंडी सूचना फळ्यावरही लिहिणं, आणि गोंगाट वाढला की ग्रंथालयात जायची मुभा. त्या पानाच्या झेरॉक्स काढून ठेवा आणि दर शालेय वर्षाच्या सुरुवातीला नव्या वर्गशिक्षिकेच्या हातात स्वतः नेऊन द्या, कारण ऑफिसातली फाईल मुलाबरोबर पुढच्या वर्गात जात नाही.