थंडीत खालचं रान आधी गारठतं

पहाटे गाडीवरून माळ उतरून ओढ्याच्या फरशीवर आलात की कानाला झोंबणारा गारठा लागतो, आणि पलीकडच्या चढाला लागलं की तो सुटतो. द्राक्ष, केळी किंवा फुलोऱ्यातली मालदांडी ज्वारी ज्यांच्या ओढ्याकाठच्या रानात आहे, त्यांनी हा फरक मनावर घ्यावा.

उंचावर हवा गार, हे खरंच. दर किलोमीटरला सरासरी 6.5 अंशांची घट धरतात. महाबळेश्वर सोलापूरपेक्षा जवळपास 900 मीटर उंच, म्हणून तिथं पाच-सहा अंश कमी. पण हाच हिशेब शिवारातल्या 30 मीटरच्या चढाला लावला तर फरक येतो जेमतेम 0.2 अंश. डिसेंबर-जानेवारीच्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री तर सगळं उलटं होतं. जमीन आपली ऊब आभाळात सोडते, तिला लागलेली हवा गार होऊन जड होते आणि पाण्यासारखी उताराला लागून खोलगटात साचते. माळावरचं रान त्या मानानं उबदार राहतं.

म्हणून पेपरातल्या सोलापूरच्या आकड्यावर विसंबू नका. तो माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, पेटीत ठेवलेल्या तापमापकाचा असतो. जमिनीलगत पारा आणखी खाली असतो. एक साधा तापमापक सर्वांत खालच्या ओळीत, एक वरच्या बांधाला टांगा आणि सूर्य उगवायच्या आधी दोन्ही वाचा.

खालच्या बांधाला दाट कुंपण किंवा गवताची भिंत झाली असेल तर मध्ये फट पाडा. गार हवेलाही सांडवा लागतोच. ओल्या जमिनीत दिवसाची ऊब जास्त साठते, तेव्हा आदल्या दुपारीच हलकं पाणी द्या. विहिरीचं, बोअरचं पाणी थंडीत कोमट असतं, पण रात्रपाळीच्या लाईटवर दारं धरण्यापेक्षा दुपार बरी. द्राक्षात पाणी उतरलं असेल, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागले असतील, तर पाण्याचा हात आखडा. ताणानंतर एकदम भरपूर पाणी दिलं की मणी तडकतात.

थंडीत रानात शेकोट्या पेटवून धूर करा, असं सांगतात. माझं मत थोडं वेगळं आहे. नुसत्या धुरानं ऊब राहत नाही, उपयोग जाळाचा. एकच मोठा जाळ केला तर गरम हवा सरळ वर निघून जाते. वेलींपासून लांब, लहान-लहान बऱ्याच शेकोट्या करा.

दवही खालीच उशिरापर्यंत टिकतं, तेव्हा केवड्याची, म्हणजे ओलाव्यावर वाढणाऱ्या बुरशीच्या रोगाची, पाहणी तळच्या ओळींपासून सुरू करा.

आभाळ भरून आलं असेल किंवा वारं सुटलं असेल, तर त्या रात्री शेकोट्यांच्या भानगडीत पडू नका, खुशाल झोपा.