स्वीडन-नॉर्वेच्या राज्यसंघाचा इतिहास कसा वाचावा

स्वीडन आणि नॉर्वे १८१४ ते १९०५ या काळात एकाच राजाच्या अमलाखाली होते, परंतु ते एक राष्ट्र कधीच नव्हते. म्हणून वाचनास आरंभ करताना कागदावर दोन रकाने आखावेत. ‘सामाईक’ या रकान्यात राजा आणि परराष्ट्र व्यवहार एवढेच येईल; राज्यघटना, संसद, कायदे, तिजोरी आणि सैन्य ही सारी ‘स्वतंत्र’ या रकान्यात लिहावी लागतील.

त्यानंतर १८१४ या एका वर्षाला भरपूर वेळ द्यावा, कारण पुढच्या बहुतेक भांडणांचे मूळ तेथेच आहे. नेपोलियनच्या बाजूने लढून हरलेल्या डेन्मार्कने १४ जानेवारीच्या किएल तहाने नॉर्वे स्वीडनच्या राजाला दिले. नॉर्वेजियनांनी मात्र ते मान्य न करता आइड्सव्होल येथे ११२ प्रतिनिधींची सभा भरवली, १७ मे रोजी स्वतःची राज्यघटना पूर्ण केली आणि डॅनिश राजपुत्र क्रिश्चन फ्रेडरिक याला राजा निवडले. उन्हाळ्यात अल्पकाळ युद्ध झाले. १४ ऑगस्टच्या मॉस करारात स्वीडनने ती घटना, आवश्यक दुरुस्त्यांसह, स्वीकारण्याची तयारी दाखवली आणि ४ नोव्हेंबरला नॉर्वेच्या संसदेने, म्हणजे स्टॉर्टिंगने, स्वीडनच्या राजाला आपला राजा म्हणून निवडले. किएल आणि मॉस येथील दस्तऐवज शेजारी ठेवून वाचावेत. नॉर्वे आपल्याला तहाने मिळाले, असे स्वीडनमध्ये अनेकांना वाटे. आपण संमतीने संघात आलो, असे नॉर्वे म्हणे.

मधली दशके भराभर वाचली तरी चालतील, पण १८४४ नंतरच्या ध्वजावरील, दोन्ही देशांचे रंग एकत्र करणाऱ्या संघचिन्हाजवळ क्षणभर थांबावे. रंगांच्या त्या सरमिसळीला लोक थट्टेने ‘हेरिंग सॅलड’ म्हणत.

शेवटचा वाद वाणिज्यदूतांचा होता. वरवर तो क्षुल्लक भासतो. परंतु नॉर्वेचा व्यापारी जहाजांचा ताफा स्वीडनपेक्षा मोठा होता, आणि परदेशी बंदरांत त्याची कामे पाहणारे दूत स्वीडिश परराष्ट्रमंत्र्याच्या हाताखाली असत. नॉर्वेच्या स्वतंत्र दूतसेवेच्या कायद्यास राजा दुसऱ्या ऑस्कारने २७ मे १९०५ रोजी संमती नाकारली, तेव्हा क्रिश्चन मिकेलसेन यांच्या नॉर्वेजियन मंत्रिमंडळाने राजीनामे दिले आणि सध्या दुसरे सरकार बनवता येत नाही, असे राजा म्हणाला. स्टॉर्टिंगने हेच वाक्य पकडले. ७ जूनचा ठराव वाचताना त्याची रचना नीट पाहावी: राजाला सरकार बनवता येत नाही, म्हणून त्याची घटनात्मक सत्ता संपली, आणि म्हणून एका राजाखालचा संघही विसर्जित झाला, असे जवळजवळ ओघात म्हटले आहे. माझ्या मते, कायदेशीर चातुर्याचा इतका सुबक नमुना विरळाच.

नॉर्वेतील १३ ऑगस्टच्या सार्वमतात विसर्जनाच्या बाजूने ३,६८,२०८ आणि विरुद्ध अवघी १८४ मते पडली. हे आकडे टिपताना स्त्रियांना मतदानाचा हक्क नव्हता, हेही नोंदवावे. त्यांनी विसर्जनाच्या बाजूने स्वतंत्रपणे दोन लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या होत्या. पुढे कार्लस्टाड येथे वाटाघाटी झाल्या, सीमेवरील काही किल्ले निकामी करण्याचे ठरले आणि २६ ऑक्टोबरला ऑस्कारने नॉर्वेच्या सिंहासनावरील हक्क सोडला. नोव्हेंबरमध्ये त्या जागी डेन्मार्कचा राजपुत्र कार्ल, सातवा होकोन म्हणून, निवडला गेला. वंशावळ काढून पाहिली तर त्याची आई ऑस्कारची सख्खी पुतणी होती, असे आढळते.