बर्फावरून गळ टाकताय? या चुका टाळा

अमेरिकेत मिनेसोटातल्या गोठलेल्या तळ्यावर, बर्फात भोक पाडून गळ सोडून, तीन-चार तास कुडकुडून रिकाम्या हाताने परतलेला माणूस एकच वाक्य बोलतो, "मासेच नाहीत." मासे असतात. बहुतेक वेळा ते येऊन, आमिष बघून निघून गेलेले असतात.

पण माशांआधी बर्फ. "तिकडे दहाजण बसलेत, म्हणजे बर्फ पक्का" ही सगळ्यात महागात पडणारी समजूत. एकाच तळ्यात झऱ्यापाशी, ओढ्याच्या तोंडाशी आणि जाड हिमाच्या थराखाली बर्फ पातळ राहतो. चालत जायला नवा, काचेसारखा स्वच्छ बर्फ किमान ४ इंच हवा. पांढरा, दुधाळ बर्फ साधारण निम्म्याच ताकदीचा, तिथे दुप्पट जाडी धरा. हातात पहार ठेवा आणि दर दोन-चार पावलांवर पुढे जोरात घाव घाला. एक-दोन घावांत ती आरपार गेली तर आल्या वाटेनेच मागे फिरा. गळ्यात दोरीने बांधलेले टोकदार खिळे असू द्या. पाण्यात पडलात तर आलात त्या दिशेला तोंड करून ते बर्फात रोवायचे, पाय मारत अंग वर ओढायचं आणि उभं न राहता लोळत दूर जायचं.

दुसरी चूक वेळेची. इथे मुख्यतः दोन मासे मिळतात, पर्च आणि वॉलआय. पर्च दिवसा खातो. वॉलआयच्या डोळ्यात मांजरासारखा प्रकाश परतवणारा पडदा असतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला शिकार सोपी जाते. डिसेंबरात मिनिआपोलिसकडे साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो, आणि लोक चारलाच गाशा गुंडाळतात! मिल लॅक्ससारख्या तळ्यावर मी तर म्हणेन, दुपारी पर्च करा आणि वॉलआयसाठी सूर्यास्ताच्या आधी उथळ खडकाळ उताराच्या कडेला येऊन बसा. तिथली भोकं उजेड असतानाच पाडून ठेवा. ऐन वेळी उथळ पाण्यावर बर्फ कापायचं गिरमिट घरघरलं की मासा बिचकतो.

एकाच भोकावर चिकटून बसू नका. पर्च थव्याने फिरतो. सुरुवातीलाच आठ-दहा भोकं पाडा आणि प्रत्येकाला दहा-पंधरा मिनिटं द्या.

आता हाताची चूक, आणि इथेच बहुतेक मासे हुकतात. एकदा आठ फूट पाण्यावर मी बर्फावर पालथा पडलो, डोक्यावर जाकीट ओढलं आणि भोकात बघत राहिलो. डोळे सरावल्यावर तळ दिसू लागला. हिरवट पट्ट्यांचा एक पर्च आला आणि आमिषापासून वीतभर अंतरावर थांबला. मी गळाची काठी जरा जोरात हलवली, तो मागे सरला. हात थांबवला, तो परत आला. मग त्याने तोंड उघडून आमिषाची अळी नुसती आत ओढली आणि लगेच थुंकली. वर माझ्या बोटांना काही म्हणजे काही कळलं नाही.

गार पाण्यात मासा मंदावतो. त्याला लांबून बोलवायला काठीचे दोन-तीन उंच झटके ठीक, पण तो जवळ आला की नुसतं थरथरवा, मग थांबा. आमिष त्याच्या नाकासमोर किंवा जरा वर ठेवा, खाली नको. कोकणात खाडीवर गरवताना हाताला बसतो तशा झटक्याची वाट बघू नका. काठीच्या टोकाला नाजूक स्प्रिंग लावा. ती खाली वाकली तर ओढाच, पण किंचित वर उचलली गेली तरी ओढा, कारण माशाने आमिषाचं वजन तोंडात घेतलेलं असतं. तंगूस (गळाची दोरी) पर्चला २ ते ४ पाउंडांचा ताण सोसणारी, वॉलआयला ६ची पुरते.

काठीच्या कड्यांत बर्फ साचला की नखाने फोडू नका, टोक मोडतं. ते पाण्यात बुडवून हलवा. गिरमिट अचानक कापेनासं झालं तर आधी पात्यावर बर्फाची साय धरली आहे का बघा. आपटून ती काढायची सवय पात्याची धार घालवते, बर्फावर उभारलेल्या तंबूत ऊब द्या. अळ्यांची डबी आतल्या खिशात ठेवा. तंबूत हीटर असेल तर वर-खालच्या खिडक्या थोड्या उघड्या हव्यात आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. त्या वायूला वास नसतो.

सोडून द्यायचा मासा बर्फावर ठेवून फोटो काढत बसू नका, कडक थंडीत त्याचे डोळे आणि कल्ले क्षणात गोठू लागतात. आणि तीस फुटांहून खोल पाण्यातला मासा वर ओढला की त्याचा हवेचा फुगा फुगतो, कधी जठर तोंडातून बाहेर येतं. तो पोहत खाली गेला तरी अनेकदा जगत नाही. त्यामुळे अशा खोलीवर छोटे सोडून मोठे निवडायचा खेळ मी करत नाही. त्या तळ्याच्या नियमात बसतील आणि घरी रव्यात घोळवून तळायला लागतील तेवढे मिळाले की मी गळ गुंडाळतो किंवा उथळ पाण्याकडे सरकतो.