पहाटे निघून जेवणाला घरी: भेकर बघायचं रान असं शोधा

एकतीस वर्षं चिपळूण आगारात एसटी चालवली. त्यातली निम्मी तरी वस्तीच्या गाडीवर. संध्याकाळची शेवटची फेरी घेऊन घाटाखालच्या गावात जायचं, देवळात पथारी टाकायची आणि उजाडायच्या आत पहिली गाडी घेऊन परत फिरायचं. त्या पहाटेच्या फेऱ्यांत मला जेवढी भेकरं, म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारी ती लहान हरणं, दिसली, तेवढी निवृत्तीनंतरच्या पहिल्या दोन वर्षांत गळ्यात दुर्बीण अडकवून हिंडलो तरी दिसली नाहीत. दुर्बीण चांगली होती, पोराने घेऊन दिलेली. जागा चुकत होती.

आमचे आजोबा पारधीला जायचे. ठासणीची बंदूक होती, ओटीवर खुंटीला टांगलेली. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि ते सगळं बंद झालं, बरं झालं. आता भेकर, सांबर, पिसोरी (मूषक हरीण), चौशिंगा, कुणालाच हात लावता येत नाही. पण आजोबा सांगायचे की पारधीत बार काढायचं काम शेवटच्या क्षणाचं. त्याच्या आधीचे चार दिवस जनावर कुठे उठतं, कुठे चरतं, कुठे पाणी पितं हे बघण्यात जातात. ते चार दिवसांचं काम आपल्याला आजही करता येतं. मी खाली सांगतोय ते त्याचंच.

पहिली गोष्ट म्हणजे नावाजलेल्या जागेचा नाद सोडा. मी दोन वर्षं कुंभार्ली घाट चढून कोयनेच्या बाजूला जात राहिलो. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली झालेला, मग जनावर तिथेच असणार, असा माझा हिशोब. असतंच. पण तिथे आपल्या मर्जीने कुठेही बसता येत नाही आणि ते बरोबरच आहे. परवानगी, ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ. भेकर तर भल्या पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहेर पडणारं. आपण चहा-नाश्ता करून फाटकाशी पोचेपर्यंत ते झाडीत जाऊन रवंथ करत बसलेलं असतं.

आता अंतर. किलोमीटर मोजू नका, मिनिटं मोजा. फेब्रुवारीत आपल्याकडे सातच्या आसपास सूर्य वर येतो. सहाला जागेवर बूड टेकलेलं पाहिजे आणि गाडी लावून चालायला अर्धा तास धरा. म्हणजे घरापासून गाडीने सव्वा तासाच्या पुढचं रान माझ्या यादीत येत नाही. लांबचं रान वर्षातून दोनदा होतं आणि जवळचं दर रविवारी. एकाच पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी वीस वेळा बसलेल्या माणसाला जे कळतं, ते वीस रानं एकेकदा बघितलेल्याला कळत नाही.

मग कागद. हे काम कंटाळवाणं, पण ते टाळल्यामुळे मी एकदा चांगला फजित झालोय. शिरगावच्या वरच्या अंगाला एक छान उतार हेरला होता. झाडी, खाली पाणी, पायवाट. पहाटे अंधारात जाऊन बसलो. उजाडल्यावर मागून कुत्रा भुंकला आणि त्याच्यामागून हातात कोयती घेतलेला मालक. मी बसलो होतो त्याच्या काजूच्या बागेच्या कडेला आणि आदल्या आठवड्यातच त्याच्या बिया चोरीला गेल्या होत्या. गळ्यात दुर्बीण, डोक्याला माकडटोपी, अशा माणसाचं कोण ऐकतंय? शेवटी "अहो, तुम्ही सकाळच्या तिवरे गाडीवरचे ड्रायव्हर ना?" असं त्याच्या बायकोने ओळखलं म्हणून सुटलो. वर चहा मिळाला.

तर रत्नागिरी जिल्ह्यात रान दिसलं म्हणजे ते सरकारी, असं धरून चालू नका. इथलं बहुतेक रान खाजगी मालकीचं आहे. गावाचा नकाशा आणि सातबारा दोन्ही आता मोबाईलवर बघता येतात. उपग्रहाच्या चित्रावर हिरवा पट्टा बघा, भू-नकाशावर त्याचा गट नंबर काढा आणि मग सातबारा उघडा. नाव महाराष्ट्र शासन किंवा वन विभाग असेल तर पुढचं विचारायला वनखात्याकडे जायचं. नाव माणसाचं असेल तर इतर हक्काचा रकानाही वाचा. तिथे कधी कधी ‘खाजगी वन’ असा शेरा सापडतो, तो १९७५ च्या खाजगी वन संपादन कायद्यापासूनचा. तो दिसला की मालक आणि वनखातं, दोघांनाही विचारलेलं बरं. गुरचरण असेल तर ग्रामपंचायतीत जाऊन सांगा. आणि साधी वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन असेल तर मालकाच्या घरी जाऊन ओटीवर बसायचं. मला आजवर एकानेच नकार दिला, तोही भावाभावांत वाद होता म्हणून.

राखीव वनात शिरायचं तर परिक्षेत्र कार्यालयात परवानगी विचारावी लागते. मी आधी त्या भागाच्या वनरक्षकाला गाठतो. एकदा ओळख झाली की ते स्वतः सांगतात, "काका, त्या बाजूला आत्ता नको, गवे उतरलेत." हा सल्ला कुठल्या नकाशात मिळणार?

नकाशावर नेमकं काय शोधायचं? दाट रानाचं पोट नको, त्याची कड पाहिजे. वरून वनखात्याचं रान उतरतं, खाली गावाची वरकस आणि शेतं सुरू होतात आणि मधून पऱ्या वाहतो, अशी जागा. दिवसा लपायला वर झाडी, चरायला खाली मोकळं. त्यातही ज्या पऱ्यात एप्रिलमध्ये एखादा तरी कोंड, म्हणजे डोह, भरलेला राहतो, तो पऱ्या सोन्याचा. ही गोष्ट चित्रावरून कळत नाही, माणसांना विचारावी लागते.

कुणाला? वस्तीच्या गाडीच्या ड्रायव्हर-कंडक्टरला. स्वतःचीच जात म्हणून सांगत नाही. रोज त्याच वेळी, त्याच वळणावरून, दिवे लावून जाणारा दुसरा माणूस नाही. ‘कुठल्या वळणावर जनावर आडवं जातं’ एवढंच विचारा, तीन जागा मिळतील. दुसरे म्हणजे वरच्या धनगरवाड्यावरचे गुराखी. आमच्या दसपटी भागाच्या वरच्या अंगाला एक म्हातारे मामा आहेत. त्यांना मी पहिल्यांदा "भेकर कुठे असतं हो मामा?" असं विचारलं. ते हसले. म्हणाले, "असतं कुठं म्हंजे? आवळा खाली पडतो तिथं असतं." आणि बिडी पेटवून गप्प.

त्या एका वाक्याने माझी दोन वर्षं भरून काढली. भेकर गवतावर गुरासारखं चरत नाही. कोवळा पाला खुडतं आणि गळालेली फळं खातं. म्हणून रानात शिरलात की झाडाच्या शेंड्याकडे बघू नका, बुंध्याशी बघा. थंडीत आवळा आणि बेहडा. उंबर पिकलेला असेल तेव्हा उंबर. उन्हाळा लागला की कुंभ्याची गळलेली फुलं. काजूची बोंडं सडायला लागली की बागेच्या कडेलाही मी भेकर बघितलंय. त्या काजूवाल्याच्या परवानगीने, हे सांगायला नको.

आवळ्याची एक खूण सांगतो, ती मला फार आवडते. भेकर आवळा सबंध गिळतं आणि मग आडोशाला बसून रवंथ करताना बी तोंडावाटे टाकतं. त्यामुळे आवळ्याच्या झाडापासून लांब, एखाद्या करवंदीच्या जाळीमागे, दहा-वीस आवळ्याच्या बिया एका जागी पडलेल्या दिसतात, गर साफ निघालेला, चोखून टाकल्यासारख्या. शेजारी पाला दबलेला असतो, ताटाएवढ्या जागेत. हात लावून बघा. बिया ओलसर असतील तर ते आज पहाटे इथे बसलं होतं. ती जागा सोडून पन्नास पावलं मागे या आणि वरून पऱ्याकडे जाणारी वाट कुठे आहे ते बघा. बसायची जागा तिथे.

बाकीच्या खुणा पटकन. भेकराची लेंडी शेळीसारखी, पण बारीक. खूर अंगठ्याच्या पेराएवढा, पुढे निमुळता. पिसोरीचा करंगळीच्या नखाएवढा, पहिल्यांदा बघणाऱ्याला तो खूर वाटतच नाही. सांबराचा खूर वासराएवढा आणि नराने शिंगं घासलेल्या झाडाची साल छातीच्या उंचीवर सोललेली असते. एकाच जागी पुन्हा पुन्हा टाकलेल्या लेंड्यांचा ढीग दिसला तर तो चौशिंग्याचा असू शकतो, त्याची तशी सवय असते. आणि रानात भर दुपारी कुत्रं भुंकल्याचा आवाज आला, एकेक, थांबून थांबून, तर आधी वाडी किती लांब आहे ते आठवा. वाडी जवळ नसेल तर तो भेकराचा आवाज. ते बिबट्याला बघून ओरडतं तसं तुम्हाला बघूनही ओरडतं. माझ्या वेळी बहुतेकदा मलाच बघून.

कारण वारा. इथे सगळे चुकतात. खारे वारे आणि मतलई वारे आपण शाळेत पाठ केले आणि परीक्षेत लिहून विसरलो. पहाटे थंड हवा घाटाकडून खाली, समुद्राकडे सरकते. दहा-अकराच्या पुढे उलट, समुद्राकडून वर. म्हणजे पहाटे बसायचं ते पऱ्याच्या खालच्या, पश्चिमेच्या अंगाला. जनावर वरून उतरतं, हवा त्याच्याकडून आपल्याकडे येते, आपला वास त्याच्या नाकात जात नाही. संध्याकाळी बसणार असाल तर बरोबर उलट, वरच्या अंगाला. मी दोन वर्षं पहाटे ऐटीत वरच्या दगडावर बसायचो, तिथून दिसतं छान म्हणून. माझा वास आख्ख्या ओहोळाला वाटत होतो. आता खिशात चुलीतल्या राखेची पुरचुंडी असते. चिमूटभर सोडायची, कुठे जाते बघायची. घळीत वारा गोल फिरत असेल तर जागा कितीही देखणी असो, उठायचं.

कपड्यांचं फार काही नाही. निळी जीन्स तेवढी नको, हरणांना निळा रंग चांगला ओळखू येतो. विटलेला खाकी माझ्याकडे जन्मभराचा आहे. अत्तर, पावडर, तपकीर बंद. पाठ झाडाला टेकून बसा आणि दोन तास हलू नका. डास चावतात. चावू द्या.

धोके मात्र खरे आहेत. पँट मोज्यात खोचा, गोचीड लागते. सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्गाकडे, २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडलेत आणि तो गोचिडीतूनच पसरतो. घरी आल्यावर अंग तपासा आणि ताप आला तर डॉक्टरला रानात गेलो होतो हे सांगा. गवा दिसला तर फोटो नको, मागे फिरा. रात्री बॅटरी मारत हिंडू नका. एक तर तो गुन्हा ठरू शकतो, दुसरं म्हणजे डुकरासाठी बंदूक घेऊन बसलेल्याला तुम्ही डुक्करच दिसाल. पावसाळ्यात जाऊच नका. पायवाटेवर गुडघ्याच्या उंचीला ब्रेकच्या वायरचा फास दिसला तर ओढून काढत बसू नका. जागा लक्षात ठेवा, फोटो काढा आणि वनखात्याच्या १९२६ वर फोन करा. मी दोनदा केलाय.

चिपळूणच्या बाहेरच्यांनी हाच हिशोब आपापल्या गावाला लावावा. मुरूड-रोह्याकडे फणसाड आहे, जंजिऱ्याच्या नवाबाचं जुनं शिकारीचं रान, १९८६ पासून अभयारण्य. तिथल्या पाणवठ्यांना गाण म्हणतात. कणकवलीकरांना फोंडा घाट चढला की दाजीपूर. खाली सावंतवाडी-दोडामार्गाला आंबोली आणि तिलारी, त्यातलं तिलारी २०२० साली संवर्धन राखीव झालं. पण तिथेही मी आधी फाटकाबाहेरची गावं बघेन आणि वस्तीची गाडी कुठे मुक्कामाला जाते ते विचारेन.

गेल्या मार्चमध्ये त्या धनगरवाड्याच्या खालच्या कोंडाशी बसलो होतो. साडेसहाला नर आला. लहान शिंगं, केसाळ बुडख्यावर उभी, आणि वरच्या ओठातून डोकावणारा सुळा. पाणी प्यायला, मान वर केली, पुन्हा प्यायला. राख माझ्या पायाशीच पडत होती. तेवढ्यात वरून मामांनी गुरांना हाळी दिली आणि तो शेपटीचा पांढरा झुबका दाखवत गेला. मामा खाली आले तेव्हा मी अजून तसाच बसलेला. म्हणाले, "दिसलं काय?" मी मान हलवली. "मग उठा की, चहा ठेवलाय."