घरी पॉलिश आणि पावसात मागून सटकणारी गाडी

पॉलिश उन्हात करूच नका, घोडबंदर रोडची धूळ बसलेली गाडी तशीच घासली तर गोल गोल ओरखडे येतात म्हणून आधी दोन बादल्यांनी धुवा, एकीत शॅम्पू आणि दुसरीत फक्त कापड खळबळायला साधं पाणी. मग क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी, तोही ओला ठेवून, हात फिरवल्यावर पत्रा काचेसारखा लागेपर्यंत. ड्युअल अ‍ॅक्शन मशीन (पॅड दोन प्रकारे फिरवणारं पॉलिशचं मशीन) असेल तर मऊ पॅड लावा आणि एका वेळी दोन फूट बाय दोन फूट एवढाच भाग घ्या, कडांवर जोर नको, तिथे रंग पातळ असतो. शेवटी वॅक्स. आणि टायरला चमक आणणारं लिक्विड फक्त बाजूला लावा हं, रस्त्याला टेकणाऱ्या भागाला अजिबात नाही!

कारण त्याने टायर निसरडा होतो, आणि रिअर व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांना जाणारी गाडी, पावसात पाम बीच रोडच्या वळणावर जास्त रेस दिली की मागून सटकते, हेच ओव्हरस्टिअर. तेव्हा ब्रेक दाबू नका, वजन पुढे जातं आणि मागची ग्रिप अजूनच सुटते. रेस हळूहळू कमी करा, जिकडे जायचंय तिकडे बघा, मागचा भाग ज्या बाजूला सरकतोय त्याच बाजूला स्टिअरिंग फिरवा आणि गाडी सावरायला लागली की लगेच सरळ करा नाहीतर ती उलट्या बाजूला झटका देते. ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाक घसरून फिरायला लागलं की आवरणारी यंत्रणा, चालूच ठेवा. मागच्या टायरच्या नक्षीची खोली बघा, कायद्याने १.६ मिमी चालते पण मी पावसाळ्यात ३ च्या खाली जाऊच देत नाही.