पहिल्या ट्रॅक डेला निघताय? आधी टायरमधली हवा समजून घ्या

चोर्ला घाट किती मिनिटांत उतरतो हे सांगणारी पोरं बेळगावात चहाच्या प्रत्येक टपरीवर भेटतात. ट्रॅक डेला, म्हणजे पैसे भरून दिवसभर रेसच्या ट्रॅकवर मोटारसायकल चालवायला गेलात, की त्या आकड्याला कुणी विचारत नाही. घाटात समोरून ट्रक येतो, वळणावर वाळू पसरलेली असते, मध्येच गाय बसलेली असते. तिथं हातचं राखून चालवणंच शहाणपणाचं. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात, घसरलात तर कडेला मोकळी जागा असते आणि तेच वळण दिवसभर पुन्हा पुन्हा येतं. शिकायचं तर तिथेच. हा लेख ज्यांनी पैसे भरलेत आणि आता "गाडीचं काय काय करू?" असं दहा जणांना विचारत फिरतायत, त्यांच्यासाठी.

तारीख ठरायची असेल तर जानेवारी-फेब्रुवारी बघा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस, म्हणून बरेच जण दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरवतात. पण चेन्नईकडचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्येच असतो. या दोन जागा बघा: चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरपाशी इरुंगाट्टुकोट्टईचा सुमारे 3.7 किलोमीटरचा ट्रॅक, नाहीतर कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे, 2.1 किलोमीटर. दीडशे-दोनशे सीसीची गाडी असेल तर पहिल्या वेळेला कोइंबतूर बरं. ट्रॅक लहान, वळणं लवकर पाठ होतात.

गाडी चालवत नेऊ नका

आपल्या दारातून जाणारा 48 नंबरचा हायवे पुढे चेन्नईच्या त्या ट्रॅकच्या जवळूनच जातो, त्यामुळे मोह होतो. अंतर आठशे किलोमीटरच्या आसपास. सरळ रस्त्यावर तेवढं पळवल्यावर मागचा टायर मधोमध चपटा व्हायला लागतो, आणि वळणात तुम्हाला नेमका त्याचा गोलवा हवा असतो. शिवाय ट्रॅकवर पडलात आणि हँडल वाकलं, तर परत काय घेऊन येणार? तिघांनी मिळून पिकअप करा. गाडी साइड स्टँडवर ठेवून बांधायची नाही; चाकांवर सरळ उभी करून, पुढचे फोर्क निम्मे दाबले जातील इतपत पट्टे चारही बाजूंनी ओढायचे. हुबळीपर्यंत एकदा आणि तुमकूरच्या आधी एकदा थांबून पट्टे तपासा, सैल होतातच.

काही प्रशिक्षण शाळा गाडी आणि सूट भाड्याने देतात. पहिल्या वेळेला परवडत असेल तर तेच करा आणि खालचा अर्धा लेख सोडून द्या.

गाडीवरून काय उतरवायचं

आरसे, नंबर प्लेट, मोबाइलचा होल्डर, क्रॅश गार्ड, सेंटर स्टँड. साडी गार्डसुद्धा. हसू नका, साडी गार्डसकट तपासणीला उभ्या राहिलेल्या गाड्या मी पाहिल्यात. हेडलाइट, टेललाइट, इंडिकेटर यांच्या काचांवर टेप लावा, म्हणजे फुटल्या तरी तुकडे ट्रॅकवर पसरणार नाहीत. गाडी लिक्विड कूल्ड असेल तर आयोजकांना विचारा. अनेक जण कूलंट काढून साधं पाणी भरायला सांगतात, कारण कूलंटमधलं ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं की मागून येणारा घसरतो.

ब्रेक ऑइल नवीन घाला. डॉट 4 दर्जाचं ऑइल नवं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. हवेतली ओल शोषलेलं ऑइल 155 अंशांनाही उकळू शकतं. आपल्या पावसाळ्यातून गेलेलं ऑइल कोणत्या अवस्थेत असेल याचा अंदाज तुम्हीच करा. ट्रॅकवर ब्रेक सारखा तापतो, ऑइल उकळतं आणि लिव्हर हँडलला जाऊन टेकतो. पॅड अर्धे झिजले असतील तर बदला. चेन मॅन्युअलमध्ये सांगितली तेवढी सैल ठेवा. "एकदम टाइट करतो साहेब" म्हणणाऱ्या मेस्त्रीचा हात धरा.

आता हवा

इथे सगळे चुकीचा सल्ला देतात, आणि हा भाग नीट उलगडायला मलाही सगळ्यात जास्त वेळ लागला.

पंक्चरच्या दुकानात सांगतील, "हवा कमी ठेव की, ग्रिप वाढतंय." गॅरेजवाला म्हणेल, "नायट्रोजन भरून घे, तापत नाही." रेसिंग बघणारा मित्र मागच्या टायरमध्ये बावीस-चोवीस ठेवायला सांगेल. तिघांचंही ऐकू नका.

टायरमधली हवा तापली की दाब वाढतो, किती वाढतो याचं गणित शाळेतलं आहे. फक्त गेजवर दिसणाऱ्या आकड्यात बाहेरच्या हवेचा दाब, म्हणजे समुद्रसपाटीला 14.7 पीएसआय (गेजवरचं दाबाचं माप), मिळवून हिशेब करायचा आणि तापमान केल्विनमध्ये, म्हणजे सेल्सिअसमध्ये 273 मिळवून, घ्यायचं. आतली हवा 30 अंशांवर असताना तुम्ही गेजवर 30 पीएसआय ठेवलात. जोरात चालवून ती 70 अंशांपर्यंत तापली तर गेज साधारण 36 दाखवेल. तुम्ही नवखे आहात, हळू आहात, हवा 50 अंशांपर्यंतच तापली, तर 33. टायर तोच, सुरुवातीचा आकडाही तोच, आणि शेवटी तीन पीएसआयचा फरक. म्हणून वेगवान माणसाचा आकडा उसना घेणं धोक्याचं. तो टायर तापवू शकतो, तुम्ही पहिल्या दिवशी तेवढा तापवू शकणार नाही. बावीस-चोवीसचे आकडे असतात स्लिक, म्हणजे बिनखाचांच्या रेसिंग टायरचे, तेही आधी इलेक्ट्रिक ब्लँकेटमध्ये गरम केलेल्या. रस्त्यावरच्या टायरमध्ये तेवढीच हवा ठेवली तर त्याची बाजू पिळवटते आणि वळणात गाडी डुलायला लागते. नवख्याला वाटतं सस्पेन्शन बिघडलं.

नायट्रोजनचं म्हणाल तर साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो. त्याचा खरा फायदा एवढाच की तो कोरडा असतो. पावसाळ्यात दुकानाच्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं, ती ओल टायरमध्ये गेली की तापल्यावर तिची वाफ दाब आणखी वाढवते. टाकीतलं पाणी काढून भरलेली हवा पुरते. पैसे नायट्रोजनवर नको, चांगल्या गेजवर घाला.

आणि आता आपल्या गावाचा मुद्दा, जो मला कुणी सांगितला नव्हता. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंच आहे, इरुंगाट्टुकोट्टई जवळजवळ समुद्राच्या पातळीला. इथं बाहेरच्या हवेचा दाब तिथल्यापेक्षा सव्वा पीएसआयने कमी. त्यामुळे टायरमधली हवा तेवढीच असली तरी तिथे उतरल्यावर गेज सव्वा पीएसआय कमी दाखवतं. उलट बाजूने, जानेवारीत पहाटे टिळकवाडीत 15 अंशांच्या आसपास असतं आणि तिकडे भर दुपारी 30 च्या आसपास. त्या उकाड्याने आकडा सव्वादोनेक पीएसआय वर जातो. एक खाली ओढतं, एक वर ढकलतं, आणि घरून "नीट सेट करून" आणलेला आकडा दुपारपर्यंत भलताच झालेला असतो. म्हणून बेळगावात मोजलेली हवा ट्रॅकवर खरी मानायची नाही. मोजायची ती ट्रॅकवर, स्वतःच्या गेजने, सावलीत, गाडी सुरू करण्याआधी. उन्हात उभ्या गाडीची उन्हाकडची बाजू उगाच जास्त दाखवते.

करायचं असं. सकाळी सावलीत, थंड टायरमध्ये, मॅन्युअलमधल्या एकट्याने चालवण्याच्या आकड्यापेक्षा दोन पीएसआय कमी ठेवा, दोन्ही चाकांत. जास्तीत जास्त तीन. पहिलं सेशन, म्हणजे ट्रॅकवरची तुमची पहिली पाळी, संपवून पिटमध्ये (ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबतात तिथे) आलात की हेल्मेट काढायच्याही आधी गेज लावा. एक-दोन मिनिटांत टायर निवायला लागतो आणि आकडा खोटा होतो. इथे मित्राला गेज घेऊन उभा करा, हातमोज्यांसकट वाकून व्हॉल्व्ह शोधण्यात ती मिनिटं जातात. तीन-चार पीएसआयने वाढला असेल तर हात लावू नका, सोडून द्या. पाच-सहाच्या वर गेला असेल तर सुरुवातीची हवा कमी पडली: टायर जास्त वाकला, म्हणून जास्त तापला. पुढच्या सेशनआधी टायर निवल्यावर एक पीएसआय वाढवा. हे उलटं वाटतं आणि बहुतेक जण इथेच चुकतात. वाढलेला आकडा पाहून गरम टायरमधली हवा सोडतात, मग पुढच्या फेरीत टायर आणखी वाकतो, आणखी तापतो. गरम टायरमधली हवा नवख्याने सोडायचीच नाही, हे पाठ करा. दीडच्या आसपासच वाढला असेल तर हवेत दोष नाही, तुम्ही अजून हळू आहात. टायरला दोष देऊ नका, पुढचं सेशन तसंच चालवा.

व्हॉल्व्हला रबरी सील असलेली धातूची टोपी लावा. वेगात फिरताना आतली पिन बाहेरच्या बाजूला ओढली जाते. टोपी हा दुसरा अडसर. छोटी वस्तू आहे, लोक प्लास्टिकची गमावतात आणि टोपीशिवायच फिरतात.

एवढं करूनही पहिल्या दोन फेऱ्या सावकाशच. आणि ट्रॅकवर ज्या बाजूला वळणं कमी असतात, त्या बाजूची टायरची कड थंड राहते. बऱ्याच उजव्या वळणांनंतर एकटं डावं वळण आलं की तिथे गाडी अलगद कलवा, एकदम आडवी टाकू नका. बरेच जण तिथेच पडतात.

अंगावर काय

पूर्ण लेदर सूट, मनगट झाकणारे हातमोजे, घोट्याच्या वरपर्यंत बूट, पाठीचं कवच. हेल्मेट फुल फेस, डबल डी रिंगचं, म्हणजे पट्टा दोन कड्यांतून ओवून बांधायचं. काही ठिकाणी नुसत्या आयएसआय शिक्क्यावर आत सोडत नाहीत, तेव्हा निघण्याआधी नियम मागवून घ्या. सूटखाली सुती बनियन नको, घाम धरून अंगाला चिकटतो. ओआरएसची पाकिटं न्या, थंड पेयांवर दिवस काढू नका.

सकाळची मीटिंग चुकवली तर आत सोडत नाहीत. झेंडे एवढे तरी यायला हवेत: पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद, लाल म्हणजे सेशन थांबलं, वेग कमी करून पिटमध्ये, पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा, काळा तुमच्याकडे दाखवला तर पिटमध्ये या, तुमचंच काहीतरी गळतंय किंवा तुमची तक्रार आहे. मागून वेगवान गाडी आली तर आरशाशिवाय कळत नाही, आणि कळण्याची गरजही नाही. आपली रेषा सोडू नका, पुढे जाण्याची जबाबदारी मागच्याची.

दुपारच्या जेवणानंतरचं पहिलं सेशन अर्ध्या वेगाने काढा. शेवटचं सोडून द्या, पैसे भरलेले असले तरी. पाय दमलेले असतात, डोकं मात्र सकाळपेक्षा जास्त हुशार झालेलं असतं. त्या वेळेत काचांवरचा टेप काढून घ्या. उन्हात राहिला की डिंक काचेलाच चिकटून बसतो. गाडी पिकअपमध्ये चढवा, आणि बेळगावात उतरवल्यावर थंड टायरमध्ये हवा पुन्हा मॅन्युअलच्या आकड्यावर आणा, आरसे लावा, मगच रस्त्यावर काढा.